भिकन बोरसेचा फोटो

चिंतामण गायधनींना अर्धांगाचा झटका आला तो २००३ च्या दिवाळीनंतर. सकाळी दाढी करताना हातातला आरसा पडला आणि त्यामागोमाग ते स्वतःही पडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द शिल्लक राहिला होता. 'बरोबर.' तहान लागली की बरोबर, उकडलं की बरोबर, उशी सरकली तरी बरोबर. डॉक्टरांनी इंदिराबाईंना समजावलं की त्यांना कळतं सगळं, पण मनात असलेला शब्द तोंडापर्यंत पोचत नाही.

इंदिराबाई पंचवटीतल्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नवऱ्याचं खाणंपिणं, अंघोळ, कूस बदलणं हे त्यांनी निमूटपणे अंगावर घेतलं. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट मात्र त्यांनी उघडलं नाही. त्या कपाटावर त्यांचा राग जुना होता.

चिंतामणराव जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. गायधनींच्या घरात पिढ्यान् पिढ्या रामकुंडावरची उपाध्येपणाची कामं, पण यांनी त्यात कधी लक्ष घातलं नाही. यांचं लक्ष विमानांत. पासष्टच्या लढाईच्या वेळी कॉलेजात होते, तेव्हापासून. नोकरी लागल्यावर त्यांनी फोटो जमवायला सुरुवात केली, लढाईत पदक मिळवलेल्या वैमानिकांचे. त्यातही स्टुडिओत बसून काढलेला फोटो त्यांना चालत नसे, पदक छातीवर लावून काढलेलाही नाही. त्यांना पाहिजे तो ऐन लढाईतला, धावपट्टीवर, तंबूबाहेर, विमानाच्या शिडीवर कुणीतरी घाईघाईत टिपलेला. "आपल्याला पदक मिळणार आहे हे ज्याला अजून माहीत नाही, तो चेहरा मला पाहिजे," असं ते म्हणायचे. रजा काढून ते कुठे कुठे जात. विधवांच्या, आईबापांच्या पुढ्यात बसत, चहा पीत, ऐकत, आणि फोटो मागून आणत. स्वतःच्या कॅमेऱ्यावर त्याची नक्कल काढत आणि मूळ फोटो परत करत. निदान इंदिराबाईंचा तसा समज होता.

फोटोच्या पाठीमागे ते काही लिहीत नसत. शाई पुढे फुटते, पेनाचा दाब उमटतो, असं त्यांचं म्हणणं. "लिहायचं कशाला? मला सगळे तोंडपाठ आहेत," असं ते सांगत. आणि ते खरंही होतं.

नवसाबाई आहेर आल्या त्या २००४ च्या जूनमध्ये. सोबत मुलगा सहादू होता. त्यानं त्यांचा हात धरून जिना चढवला. सत्तरीच्या आसपासच्या, काटक, नऊवारीतल्या बाई. डोळे उघडे होते, पण बोलताना त्या इंदिराबाईंच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघत होत्या.

"साहेब हायेत का घरात?" त्यांनी विचारलं. "माझ्या भावाचा फोटू त्यांच्याकडं हाय. भिकन बोरसे. त्यो न्यायला आले."

इंदिराबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि साहेबांची अवस्था सांगितली. मग नवसाबाईंनी आपली हकीकत सांगितली.

नांदगावच्या पलीकडे त्यांचं गाव. आईची चार मुलं गेल्यावर नवस बोलून झाली ती ही नवसाबाई, आणि तिच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी भिकन. देवानं भीक घातली म्हणून भिकन. आई बाळंतपणातच गेली, तेव्हा त्याला वाढवलं बहिणीनंच. पोरगं हुशार निघालं. शिष्यवृत्तीवर शिकलं आणि थेट विमानदलात गेलं. एकाहत्तरच्या डिसेंबरात त्याचं विमान पलीकडे पडलं. हाती काहीच लागलं नाही. पुढे वीरचक्र आलं. लग्न व्हायचं होतं. बापानं दुःखाच्या भरात पेटीतले कपडे, कागद, फोटो सगळं अंगणात जाळलं. उरला तो एकच फोटो, त्याचा एक मित्र नंतर गावी आला होता त्यानं दिलेला. लढाई लागल्यावर विमानाजवळ काढलेला.

"अठ्ठ्याण्णव साली साहेब आले व्हते," नवसाबाई म्हणाल्या. "म्हनले, पंधरा दिवसात परत करतो. मी दिला. लय चांगलं बोलायचे. मंग मी दोन डाव आले, तवा म्हनले, नक्कल नीट निघाली नाय, जरा थांबा. मंग माझे डोळे गेले, काचबिंदू का काय म्हनत्यात त्यानं. डोळे गेल्यावर फोटूचं काय करायचं, म्हनून मी बी आले नाय."

"आता गावात मामाचा पुतळा बसवायचा ठरलाय, काकू," सहादू म्हणाला. "शाळेच्या दारात. मूर्तिकार फोटो मागतोय. सव्वीस जानेवारीला उद्घाटन हाय."

"शोधून ठेवते," इंदिराबाई म्हणाल्या. "कसा आहे फोटो?"

"इमानाच्या पंखाखाली हुबा हाय. डोक्यावरचा टोप हातात घेतलाय. ऊन डोळ्यावर आलंय म्हनून डोळे बारीक केलेत."

"मागे काही लिहिलंय?"

"कोरा व्हता."

ती दोघं गेल्यावर इंदिराबाईंनी कपाट उघडलं. बटर पेपरात गुंडाळलेले फोटो थरांवर थर रचलेले होते. विमानाच्या पंखाखाली उभे असलेले, टोप हातात घेतलेले, उन्हानं डोळे बारीक केलेले तरुण. एक पाहावा तर त्याच्याखाली दुसरा तसाच. कुठला मूळ, कुठली नक्कल, कुठला परत करायचा राहिलेला, काही कळायला मार्ग नव्हता. आणि एकाही फोटोमागे नाव नव्हतं.

त्यांनी त्यातले टोपवाले सगळे वेगळे केले आणि पलंगाशी बसल्या.

"अहो, नांदगावच्या नवसाबाई आल्या होत्या. भिकन बोरसेची बहीण. आठवतंय ना?"

चिंतामणरावांचा चेहरा ताणला गेला. "बरोबर," ते म्हणाले.

"त्याचा फोटो यातला कोणता?" त्यांनी पहिला धरला. "हा?"

"बरोबर."

"नक्की ना?" त्यांना हायसं वाटलं. पण खात्री करावी म्हणून त्यांनी दुसरा धरला. "मग हा नाही ना?"

"बरोबर."

"म्हणजे हा आहे की हा नाही?"

"बरोबर. बरोबर."

मग त्यांनी सांगून पाहिलं, बोलू नका, फक्त डोळे मिटा. ते प्रत्येक फोटोला डोळे मिटू लागले. डाव्या हातानं बोट दाखवा म्हटलं, तर हात फोटोवरून भरकटत चादरीवर पडायचा. गठ्ठा संपेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांना तो फोटो ओळखू येत होता, त्या गठ्ठ्यात त्यांनी तो पाहिलाही असेल, याबद्दल इंदिराबाईंना शंका नव्हती. तो त्यांच्या डोक्यात होता, आणि तिथून बाहेर यायला वाट नव्हती.

"का परत केला नाहीत?" त्या म्हणाल्या. आवाज चढला तसा त्यांनी तो आवरला. "एकच फोटो होता हो त्या बाईजवळ."

चिंतामणरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

त्यानंतरचा पावसाळा इंदिराबाईंनी त्या फोटोपायी घालवला. शेजारच्या ज्योत्स्नाला नवऱ्याजवळ बसवून त्या बाहेर पडायच्या. देवळाली कॅम्पात एक स्टुडिओवाला होता, चिंतामणराव नकला धुवायला त्याच्याकडे देत. त्या रिक्षानं तिथे गेल्या. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान झालं होतं. मालकाचा मुलगा भेटला. "मॅडम, जुन्या निगेटिव्ह सगळ्या विकल्या," तो म्हणाला. "त्यातून चांदी निघते ना. पोती भरून नेल्या भंगारवाल्यांनी." तो हे अगदी सहज बोलला. इंदिराबाई बाजारातल्या एका ओट्यावर बसून राहिल्या. समोरून लष्करी जवानांच्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन जात होत्या.

भिकन ज्या शाळेत मॅट्रिक झाला तिथे त्या जाऊन आल्या. हेडमास्तरांनी अडगळीतून त्या वर्षाचा वर्गाचा फोटो काढून दिला. ओळीत उभी असलेली मुलं, एकेक तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. खाली नावं छापलेली होती, पण ती पट्टी वाळवीनं खाल्ली होती. नवसाबाईंना फोटो आणून देणाऱ्या मित्राचा पत्ता त्यांनी खटपट करून मिळवला, तर तो आदल्या वर्षीच वारला होता. दिल्लीला विमानदलाच्या कचेरीत अर्ज केला होता, त्याचं उत्तर ऑक्टोबरात आलं. पाकिटात भरतीच्या वेळच्या ओळखपत्राची झेरॉक्स होती. केस, कपाळ, डोळे, सगळ्यावर काळा डाग. हनुवटी तेवढी दिसत होती. ती झेरॉक्स त्यांनी पलंगावर ठेवली आणि एकेक फोटो तिच्याशेजारी लावत गेल्या. काही वेळानं त्यांना सगळ्याच हनुवट्या सारख्या दिसायला लागल्या.

त्यांना झोप लागेना. भाजी निवडताना, नवऱ्याच्या तोंडात पेज घालताना ती तरुण तोंडं डोळ्यांसमोर यायची. बटर पेपर काढून एकेकाला पाहताना त्यांना आता वेगळीच धास्ती वाटायची. ही सगळी माणसं कुणाची तरी होती. कुणी विश्वासानं दिलेली. आणि ती आपल्या घरात नावं हरवून पडली आहेत.

दिवाळी झाली तसा सहादू एकटाच आला. चपला दाराबाहेर काढून तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"काकू, सापडला नाय ना?"

"नाही सापडला, सहादू. मी सगळं करून पाहिलं."

तो खाली बघत म्हणाला, "मूर्तिकार थांबायला तयार नाय. तारीख ठरलीय. पाहुणे ठरलेत. फोटो नाय म्हनून पुतळा रद्द झाला तर म्हातारी खचंल. आधीच खात नाय. मला सारखी इचारते, भिकन आला का?"

इंदिराबाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"मी मामाला बघितलंच नाय. त्यो फोटो बी आईच्या पेटीत कुलपात असायचा, लहानपनी कधी बघितला असंल, तोंड आठवत नाय. गावात ज्यांनी बघितलं ते गेले, नायतर त्यांना धड आठवत नाय. आईला दिसत नाय." त्यानं मान वर केली. "कोनता बी द्या, काकू. टोपवाला. वैमानिकच हाय ना त्यो बी? लढलेलाच हाय ना?"

"असं कसं देऊ?"

"मंग काय करू सांगा. तुमच्या साहेबांनी नेला त्यो फोटो. आमी नाय हरवला."

इंदिराबाई उठल्या. त्या आत गेल्या. चिंतामणराव जागे होते आणि दाराकडे बघत होते, त्यांनी सगळं ऐकलं असावं. इंदिराबाईंनी त्यांच्याकडे न बघता कपाट उघडलं. एका फोटोतला मुलगा हसत होता. टोप हातात, डोळे उन्हानं मिटत आलेले, आणि कुणीतरी काही विनोद केल्यासारखं तोंडभर हसू. हाच असेल, त्यांनी मनाला सांगितलं. नसेल कशावरून? त्यांनी तो पाकिटात घातला आणि सहादूच्या हातात दिला. त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

त्या रात्री इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली. ती तेवढ्याच रात्रीपुरती. पुढे दर दिवशी त्यांना वाटू लागलं की नांदगावाकडे कुणीतरी एका अनोळखी माणसाचं नाक घडवत असेल, ओठ घडवत असेल. एकदा तो पुतळा उभा राहिला की तोच भिकन बोरसे. शाळेची पोरं त्याला हार घालणार. आणि ज्याचं ते तोंड होतं, त्याचं कुठेच काही उरणार नाही. खरा भिकन तर यांच्या कपाटातच राहणार.

डिसेंबरात एका सकाळी त्यांनी ज्योत्स्नाला बोलावून घेतलं आणि नाशिकच्या द्वारका चौकातून मनमाडची बस धरली. तिथून नांदगाव, आणि पुढे जीप.

सहादूच्या घराच्या पडवीत मूर्तिकारानं काम मांडलं होतं. ओल्या मातीचा अर्धपुतळा पाटावर उभा होता. खांदे झाले होते, चेहरा जवळजवळ पुरा झाला होता. फोटो समोरच्या खांबाला टाचलेला. आणि नवसाबाई पुतळ्यासमोर पाय दुमडून बसल्या होत्या. दोन्ही हात मातीच्या गालांवर होते.

"कोन आलं?"

"मी इंदिरा गायधनी. नाशिकहून."

"या बाई, या. बसा." त्यांचा चेहरा इंदिराबाईंना ओळखू येईना इतका फुलला होता. "हे बघा. दोन दिस झाले मी इथंच बसलेय. पोरं हसत्यात मला. ह्ये नाक बघा, बापाचं नाक हाय. लहानपनी न्हाऊ घालायची तवा अशीच बोटं लागायची नाकाला. मला वाटलं व्हतं माझे हात इसरले असतील. नाय इसरले."

सहादू दारात उभा होता. त्यानं इंदिराबाईंकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

इंदिराबाई बसल्या. चहा आला, तो हातात धरून राहिल्या. गप्प बसून परत जाता येईल हे त्यांना कळत होतं. कुणी दोष देणार नव्हतं. बाई सुखात होती. ती असेल अजून चार वर्षं, पाच वर्षं. पण नवसाबाईंची बोटं त्या हसऱ्या ओठांवरून फिरताना बघणं त्यांना सोसेना. त्यांनी कप खाली ठेवला.

"नवसाबाई, तो फोटो भिकनचा आहे की नाही, मला माहीत नाही."

"काय म्हनता?"

"आमच्याकडे तसे पुष्कळ फोटो आहेत. यांना सांगता येत नाही. मला ओळखता येत नाही. मी त्यातला एक काढून दिला. अंदाजानं."

मूर्तिकारानं हातातली कोरणी पाण्यात टाकली. नवसाबाईंचे हात अजून मातीवरच होते. हळूहळू त्यांनी ते काढले आणि मांडीवर घेतले. बोटांना लागलेली माती त्या एकमेकांवर चोळत राहिल्या.

"मंग ह्यो कोनाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"आय," सहादू पुढे होऊन म्हणाला, "मीच मागितला. काकूंची चूक नाय. आन् काय फरक पडतो? आता पाहुणे ठरलेत, पत्रिका छापायला दिलीय—"

"तुला काय फरक पडनार," नवसाबाई म्हणाल्या. मग मूर्तिकाराकडे तोंड करून म्हणाल्या, "ह्ये थांबवा, दादा. दगडावर नाव लिव्हा त्याचं. तोंड नको."

सहादू वाद घालत राहिला. मग चिडून बाहेर निघून गेला. मूर्तिकारानं पुतळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि तो आपली हत्यारं पुसायला लागला. इंदिराबाईंनी खांबावरचा फोटो काढून घेतला. निघताना त्या नवसाबाईंपाशी वाकल्या.

"मला माफ करा."

नवसाबाईंनी बोटांवरची माती लुगड्याला पुसली. मग म्हणाल्या, "तुमी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, बाई. मला दोन दिस भिकन भेटला व्हता."

परतीच्या बसमध्ये इंदिराबाई खिडकीशी बसल्या आणि मनमाड येईपर्यंत रडल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? त्यांनी हो म्हटलं.

गावात सव्वीस जानेवारीला दगड बसला. त्यावर नाव, हुद्दा, वीरचक्र, गावाचं नाव. इंदिराबाईंना बोलावणं आलं नाही. मार्चमध्ये चिंतामणराव दुसऱ्या झटक्यात गेले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत इंदिराबाई त्यांच्याशी चांगलं बोलू शकल्या नाहीत, आणि ते त्यांना नंतर फार लागलं.

उत्तरकार्य आटोपल्यावर बेंगलोरला असणारी त्यांची मुलगी यशश्री काही दिवस राहिली. तिनं आईचं ऐकून कपाटातले सगळे फोटो स्कॅन केले आणि विमानदलातल्या जुन्या लोकांची जी काही ठिकाणं इंटरनेटवर सापडली तिथे टाकले. खाली लिहिलं, कुणी ओळखत असेल तर कळवावं, मूळ फोटो परत केला जाईल. उत्तरं तुरळक आली. काही जणांना त्यांची माणसं मिळाली. इंदिराबाई प्रत्येक फोटो स्वतः पुठ्ठ्यात बांधून रजिस्टरनं पाठवायच्या आणि पाठीमागे पेन्सिलीनं हलक्या हातानं नाव घालायच्या. भिकन बोरसेला कुणी ओळखलं नाही. ज्यांनी त्याच्याबरोबर उड्डाणं केली होती त्यांतला कुणी ते फोटो पाहायला उरलाच नसावा.

२००७ मध्ये केरळातून एक बाई आली. पस्तिशीची, साधी, सोबत नवरा, त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. हसऱ्या मुलाचा फोटो तिच्या आईनं कम्प्युटरवर पाहून ओळखला होता. तो तिचा बाप. एकाहत्तरात त्याचं विमान पडलं तेव्हा ही पोटात होती. आईजवळ लग्नातले फोटो होते, पण त्यात तो ताठ, गंभीर. त्याला हसताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. इंदिराबाईंनी फोटो तिच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली, मग फोटो पदराआड धरला, त्यावर पाणी पडू नये म्हणून, आणि रडली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. इंदिराबाईंनी तिला जेवायला वाढलं.

ती गेल्यावर त्यांनी सहादूच्या घरी फोन लावला. त्या डिसेंबरानंतर पहिल्यांदाच. फोन त्यानंच उचलला. तो म्हणाला, "देतो आईला." नवसाबाई फोनवर आल्या तेव्हा त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. इंदिराबाईंनी सगळं सांगितलं. पुतळ्यातला तो माणूस कोण होता, त्याची मुलगी आली होती, फोटो घेऊन गेली.

"तुमचा मात्र अजून सापडला नाही," त्या म्हणाल्या.

फोन कट झाला असं वाटून त्या ठेवणार, तेवढ्यात नवसाबाईंनी विचारलं, "त्या पोरीनं त्याला हातात घेतला, तवा ती रडली का?"

"हो. खूप रडली."

"मंग त्यो तिचाच," नवसाबाई म्हणाल्या, आणि फोन सहादूकडे दिला.